कोपऱ्यातल्या खोलीची कडी

१

कोपऱ्यातल्या खोलीची कडी तिसऱ्यांदा गेली, तेव्हा नर्सबाईंनी पदर खोचला. आता चोर सापडल्याशिवाय त्या स्वस्थ बसणार नव्हत्या.

वस्तीच्या सार्वजनिक संडासात बायकांच्या बाजूला ओळीने दारं होती आणि ओळीच्या टोकाला ही खोली. वयात आलेल्या मुलींसाठी राखून ठेवलेली. आत पितळी नळ, बादली, कापड धुवायला दगड, झाकणाचा डबा, भिंतीला आरसा. ही एवढीशी खोली मिळवायला नर्सबाईंनी किती उंबरे झिजवले होते ते त्यांच्या चपलांना विचारावं. दार तर त्यांनी भांडून करून घेतलं होतं. बाकीची दारं वरखाली कापलेली, खाली वाकलं की आतल्या बाईचे पाय दिसत. हे दार मात्र पार जमिनीला टेकलेलं आणि वर छताला भिडलेलं. "मुंगीलाही आत डोकावता येता कामा नये," असं त्यांनी सुताराला बजावलं होतं, आणि सुतारानेही ते मनावर घेतलं होतं.

एवढ्या थाटाच्या दाराला आतून कडीच नाही. म्हणजे वर झालर आणि आत फाटकं.

नर्सबाई आत शिरल्या आणि दार पुढे लोटून उभ्या राहिल्या. स्वभाव मुळातच संशयी. कुणी "गोळी घेतली" म्हणालं की त्या जीभ वर उचलून दाखवायला लावत. त्यांनी आधी चोराने काय नेलं ते पाहिलं, मग काय नेलं नाही ते पाहिलं. पितळी नळ जागेवर होता. आरसा जागेवर होता. कडीचे स्क्रू साबणाच्या डबीत एकाशेजारी एक नीट ठेवलेले होते. लाकडावर ओरखडा नाही, स्क्रूच्या खाचा जराही झिजलेल्या नाहीत. बादली कोपऱ्यात उपडी घातलेली होती. धुण्याचा दगड मात्र आत नव्हता, तो दाराबाहेर भिंतीला टेकवलेला होता.

"चोर आहे की पाहुणा," त्या पुटपुटल्या. "जाताना आवरून गेलाय."

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. कडी जायला लागल्यापासून मुलींनी ही खोली सोडली होती. दाराला पाठ लावून कोण किती वेळ उभं राहणार? कापड बदलायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून मग दिवसभर एकच कापड, आणि जायलाच लागू नये म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. त्यातली चिमणी नावाने ओळखली जाणारी पोर तापाने फणफणून हॉस्पिटलात पडली होती. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तिला स्ट्रेचरवर ठेवताना नर्सबाईंनी शब्द दिला होता, "तू बरी होऊन ये. तुझी खोली मी राखते."

शब्द देऊन बसल्या आणि आता समितीचे अध्यक्ष अण्णा दारात उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "बाई, पुन्हा पुन्हा कडी बसवायला समिती काही मोकळी नाही. रविवारी बैठक आहे. खोलीला बाहेरून कुलूप लावू. नाहीतरी पाण्याच्या मोटारीला जागा हवीच आहे."

"आणि चोर सापडला तर?"

"रविवारपर्यंत नावानिशी आणा. मग बघू," अण्णा म्हणाले, आणि जाता जाता त्यांनी खोलीची लांबीरुंदी नजरेनेच मापून घेतली. ती नजर नर्सबाईंनी बरोबर टिपली.

२

पहिला संशय मावशींवर. संडासाची साफसफाई आणि देखरेख त्यांच्याकडे. तोंडाने फटकळ, आणि त्या खोलीबद्दल त्यांना प्रेम कधीच नव्हतं.

"मला काय करायची कडी?" मावशी झाडू आपटत म्हणाल्या. "गळ्यात घालू? उलट त्या खोलीनेच माझा जीव खाल्लाय. मी बादली भरून ठेवते, कुणीतरी ओतून उपडी घालतं. मी दगड आत ठेवते, कुणीतरी बाहेर काढतं. बरं, रोज नाही हं. महिन्यात मधेच चारदोन दिवस हे भूत येतं आणि मग गप होतं."

"कडी जाते तेव्हाच हे होतं?"

मावशी थबकल्या. "तेव्हाच की. म्हणजे हे एकाच कारटीचं काम आहे म्हणता?"

"कारटीचं की कारट्याचं, ते अजून मी म्हटलेलं नाही."

"बाप्ये इथं फिरकत नाहीत, बाई. माझा झाडू ओळखून आहेत." मग आवाज खाली आला. "लोक माझ्याकडेच बघतात हे कळतं मला. चोर सोडून संन्याशाला सुळी. खोलीला कुलूप लागलं तर माझं काम कमी होईल, म्हणून मीच कडी काढते, असं म्हणतात."

"काम कमी होईल हे खरं ना?"

"खरंय. पण चिमणीला मीच उचलून रिक्षात घातली होती, हेही खरंय," मावशी म्हणाल्या आणि पाठ करून फरशी घासू लागल्या.

दुसरा संशय भिंतीपलीकडच्या भंगारवाल्यावर. तो तराजूच्या काट्यावरची नजर न हलवता म्हणाला, "बाई, मी काही साधू नाही. पण माझ्याकडे माल विकणारा पितळी नळ सोडून लोखंडाची कडी आणेल का? आणि आणलीच, तर स्क्रू मागे ठेवून येईल? स्क्रूलाही वजन असतं."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि नेमकं म्हणूनच नर्सबाईंना ते फारसं आवडलं नाही. पटणारं बोलणाऱ्यांवर त्यांचा जरा जास्तच डोळा असे.

तिसरे अण्णा. मोटारीला जागा हवी. मुलींनी खोली सोडली की ती आपसूक रिकामी. कारण होतं, मतलब होता. पण अण्णांचा देह असा की ते बायकांच्या बाजूला कडी काढायला शिरले असते, तर अर्ध्या वस्तीला कळलं असतं.

दुपारी दवाखान्यात दोघी बहिणी आल्या. मोठी शर्ट शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. धाकटी तेरा-चौदाची, मोठीच्या ओढणीचं टोक धरून चालणारी.

"हिची जीभ चावली गेलीय, बाई," मोठी म्हणाली.

"हिला विचारते मी. कशी चावलीस गं?"

"झोपेत," मोठीनेच उत्तर दिलं.

धाकटीने तोंड उघडलं. जीभ कडेला, दाढांच्या बाजूला चांगलीच कातरली होती. नर्सबाईंनी कपाटातून जांभळ्या औषधाची बाटली काढली, कापूस बुडवून औषध लावलं. "रात्री कुणाशी भांडत होतीस का स्वप्नात? उद्या परत ये लावायला. बाटली घरी देत नाही मी. गेल्या वेळी एकीने या औषधाने पायाची नखं रंगवली."

धाकटी हसली नाही. जांभळी जीभ आत घेऊन तिने बहिणीकडे पाहिलं. आणि नर्सबाई आपल्या बोटाला लागलेल्या जांभळ्या डागाकडे पाहत राहिल्या. साबणाने घासला, निघाला नाही. पुन्हा घासला, हट्टाने तसाच राहिला.

त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

३

संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतःच्या पदरची नवी कडी आणली, काळी, आणि सुताराकडून बसवून घेतली. सुतार गेल्यावर त्यांनी नुसत्या स्क्रूच्या डोक्यांवर जांभळ्या औषधाचा बारीक हात फिरवला. काळ्यावर ते दिसेना. कडी लावणाऱ्या पोरीची बोटं दांडीला लागणार, तिला काही होणार नव्हतं. स्क्रूला हात घालेल तो मात्र रंगणार होता. नर्सबाई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडी पुन्हा गेली होती. स्क्रू साबणाच्या डबीत. बादली उपडी.

शुक्रवारी मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचा वार. नर्सबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच मांडामांड केली आणि गोळी हातात ठेवायच्या निमित्ताने प्रत्येक तळवा पाहून घेतला. मावशी शेजारीच पाणी देत होत्या. पेला पुढे करताना त्यांचा हात उजेडात आला. मावशींची चारही बोटं जांभळी होती.

"हे काय, मावशी?"

"मलाच विचारा. कडी गेली तेव्हा दाराला कसलेसे डाग दिसले म्हणून घासत बसले. दाराचे निघाले, माझ्या हाताला चिकटले."

पुढचा तळवा मोठीचा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जांभळं.

"धाकटीच्या जिभेला औषध लावत होते," नर्सबाईंनी विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"हं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष तोवर रस्त्यापलीकडे गेलं होतं. तिथे अण्णा चहावाल्याकडून डाव्या हाताने पेला घेत होते. अण्णा डावखुरे नव्हते. त्यांचा उजवा हात खिशात होता आणि तो काही केल्या बाहेर येत नव्हता.

४

"हात दाखवा, अण्णा."

"काय, नाडी बघता?"

"बघते की."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात बाहेर काढला. मधलं बोट जांभळं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळेत शाई सांडलेल्या पोरासारखा झाला.

"ओरडू नका, बाई. काल दुपारी सगळं सामसूम होतं. मावशी जेवायला गेल्या होत्या. मोटार बसेल की नाही ते बघायला मी आत गेलो. टेप लावला. कडी नवी दिसली म्हणून स्क्रू घट्ट बसलेत का ते बोटाने चाचपून पाहिलं. घामाचा हात, लागला रंग. पण कडी होती तिथे. आईशप्पथ होती. बायकोला कळलं की मी एकटाच बायकांच्या बाजूला गेलो होतो, तर मोटारीआधी मलाच त्या खोलीत कोंडेल."

नर्सबाईंना हसू आलं आणि रागही आला. चोर एक, आणि रंगलेले हात तीन. सापळा लावायला गेल्या आणि रंगपेटी उघडून बसल्या. अण्णा खरं बोलत असतील तर दुपारी कडी होती आणि संध्याकाळी नव्हती. मावशी खरं बोलत असतील तर त्यांचा हात कडी गेल्यानंतर रंगला. पण लोक खरं बोलतात यावर भरवसा ठेवायला त्या काल नर्स झाल्या नव्हत्या.

तोवर वस्तीने आपला निकाल लावून टाकला होता. मावशींचे जांभळे हात सगळ्यांनी पाहिले होते. "कुंपणच शेत खातं," कुणीतरी नळावर मोठ्याने म्हणालं. मावशींनी मान वर केली नाही. त्या दिवशी त्यांनी भांडणाला तोंड फोडलं नाही, आणि नर्सबाईंना त्यांच्या आधीच्या सगळ्या शिव्यांपेक्षा ही शांतता जास्त खटकली.

रविवारला आता मधे एकच दिवस उरला होता.

५

शनिवारी नर्सबाई हॉस्पिटलात चिमणीला भेटायला गेल्या. पोर उशीला टेकून बसली होती, हाताला सलाइन, ओठ अजून कोरडे.

"खोली आहे ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"आहे. पाणी पितेस ना?"

"इथे संडासाला कडी आहे, म्हणून पिते," चिमणी म्हणाली. नर्सबाईंनी पेला भरून तिच्या मोकळ्या हातात दिला.

"मला एक सांग. कडी नव्हती तेव्हा तू एकदाही गेली नाहीस तिथे?"

"गेले की एकदा. मोठी होती ना बाहेर. ती म्हणाली, जा तू, मी दार धरते. बिचारी सगळ्यांचाच पहारा करते. पण ती कारखान्यात गेली की कोण धरणार?" मग चिमणी खुदकन हसली. "आम्ही तिला कोंबडी म्हणतो. धाकटी आत गेली की ही बाहेरून सारखी कलकल करते. काय गं, झालं का गं, आहेस ना गं. एकदा धाकटीने उत्तर दिलं नाही, तर ही दार ढकलून आतच घुसली. आम्ही किती हसलो."

"धाकटी बाकीच्या दारांमागे जाते तेव्हाही अशीच कलकल?"

"तेव्हा नाही एवढी. तिथे खालून पाय दिसतात ना."

नर्सबाई काही विचारणार, इतक्यात पलीकडच्या खाटेवर गडबड उडाली. एका बाईचं अंग ताठ झालं, डोळे फिरले, हातपाय आपटू लागले. वॉर्डची नर्स धावली. तिने आधी त्या बाईला धरलं नाही. आधी खाटेशेजारचं लोखंडी स्टूल पायाने लांब ढकललं, पाण्याने भरलेला तांब्या उचलून बाजूला ठेवला, आणि मग तिला अलगद कुशीवर वळवलं. बाईच्या ओठाच्या कडेने रक्ताची बारीक धार आली. जीभ चावली गेली होती. कडेला, दाढांच्या बाजूला.

स्टूल लांब. पाणी बाजूला.

नर्सबाई चिमणीच्या खाटेवर मटकन बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते उगीच नाही. औषध त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं.

"बाई, काय झालं?" चिमणीने विचारलं.

"काही नाही गं. चोर सापडला," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद काही दिसत नव्हता.

६

मोठीला त्यांनी कारखान्यातून सुटल्यावर दवाखान्यात बोलावून घेतलं. दार लावलं, कपाट उघडलं आणि जांभळी बाटली टेबलावर ठेवली.

"ही मी कुणाच्याही हातात दिलेली नाही. मग धाकटीच्या जिभेला तू औषध कुठून लावलंस?"

मोठीने पटकन बोटं मुठीत घेतली. पण मूठ झाकून काय होणार होतं.

"मी सांगते, चुकलं तर सांग," नर्सबाई म्हणाल्या. "चोराला विकायला हवं असतं तर नळ गेला असता. दाराचा राग असता तर दार फुटलं असतं. इथे स्क्रूसुद्धा सांभाळून ठेवलेत, म्हणजे काढणाऱ्याला कडी परत बसावी असंच वाटतंय. खाचा झिजल्या नाहीत, म्हणजे हत्यार नेमकं आणि हात सरावाचा. शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर. दगड बाहेर, कारण त्यावर डोकं आपटू शकतं. बादली उपडी, कारण पडणाऱ्याचं तोंड भरल्या पाण्यात जाऊ शकतं. आणि कडी गेलेली, कारण आतून बंद असलं की बाहेरच्याला आत जाता येत नाही. बाकीच्या दारांना फट आहे, तिथे पाय दिसतात, हात घालता येतो. माझ्या दाराला मुंगीएवढीही फट नाही." त्या क्षणभर थांबल्या. "धाकटीला आकडी येते."

मोठी रडली नाही. एवढे दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी खुर्चीत सैल झाली.

"पाळी सुरू झाली तेव्हापासून," ती म्हणाली. "त्याच दिवसांत येते. आधी नाही, नंतर नाही. आणि त्याच दिवसांत तिला कोपऱ्यातल्या खोलीत जावं लागतं. पहिल्यांदा ती आतच पडली, बाई. कडी लावलेली होती. मी बाहेरून आपटत होते. आतून तिची टाच दारावर आपटल्याचा आवाज येत होता, आणि मग तोही थांबला. शुद्धीवर येऊन तिनेच कडी काढली. जमिनीवर तिच्या तोंडातलं रक्त सांडलं होतं, तिथून भरलेली बादली इतकी जवळ होती." तिने हाताने अंतर दाखवलं. ते वीतभरही नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं तुला?"

"आईने शपथ घातली. माझं लग्न ठरत आलंय. घरात आकडी आहे म्हटल्यावर कोण येईल? आणि धाकटीचं तर पुढे काही व्हायचंच नाही, असं आई म्हणते. मला वाटलं, तेवढे दिवस कडी काढावी, मी असताना सगळ्यांचं दार धरावं. समितीची नवी कडी यायला इतका वेळ लागेल हे मला कुठे माहीत होतं? स्क्रू डबीत ठेवायचे. कडी मात्र घरी न्यायचे. तिथेच ठेवली तर मावशी लगेच लावतील, आणि मी कामावर असताना ही आत एकटी." ती जांभळं बोट चोळू लागली. "चिमणी पाणी पीत नाही हे मला दिसलं नाही, बाई. मला एकच पोर दिसत होती."

नर्सबाईंनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"आकडीला औषध आहे. रोज गोळी घेतली तर बहुतेकींची थांबते, शाळा सुटत नाही, संसार होतात. सोमवारी डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाते. ते माझ्यावर सोड." त्या जरा थांबल्या. "पण उद्या बैठकीत अण्णा नाव विचारणार. नाव सांगितलं नाही तर खोली जाईल, आणि मावशीही. नाव सांगितलं तर तुमचं घर चव्हाट्यावर येईल. हे मी ठरवणार नाही. माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही, एवढं मात्र खात्रीने सांगते."

मोठीने जांभळी बाटली उचलून परत कपाटात ठेवली. मग दार उघडून निघून गेली.

७

बैठक वस्तीच्या मोकळ्या जागेत भरली. एका कडेला बायका, एका कडेला बाप्ये, मधे टेबल आणि टेबलामागे अण्णा. उजवा हात टेबलाखाली. मावशी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून एकट्या बसल्या होत्या. मोठी, धाकटी आणि त्यांची आई बायकांच्या मधोमध. ज्या काकूंनी मोठीचं स्थळ आणलं होतं, त्या त्यांच्या शेजारीच.

"बाई, नाव आणलंत?" अण्णांनी विचारलं.

"चोर सापडला," नर्सबाई उभ्या राहून म्हणाल्या. "मावशी नाहीत. कडी वाईटासाठी काढलेली नाही. दारच चुकीचं बसलंय आणि ते मी बसवून घेतलंय. त्याहून जास्त मी सांगणार नाही."

गलका उठला. "मग आम्ही काय समजायचं?" "हात कुणाचे जांभळे होते ते दिसलं की आम्हाला." चिमणीची आई उठली. "माझी पोर मरता मरता वाचली. मला नाव हवंय."

"नाव नाही तर कुलूप," अण्णा म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं."

मोठी उठायला लागली. आईने तिचा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात धाकटीने मोठीच्या खांद्यावर भार देऊन तिला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. नर्सबाईंनी आजवर या पोरीचा आवाज धड ऐकला नव्हता. प्रत्येक वेळी तिच्या वाटचं मोठी बोलायची.

"कडी माझ्यासाठी काढली," धाकटी म्हणाली. जीभ अजून दुखत असावी, शब्द जड येत होते. "मला आकडी येते. आत कडी लावून पडले तर ताईला येता येत नाही. ताईने काढली. मावशींनी नाही."

तिच्या पुढ्यात बसलेल्या बाईने आपल्या पोराला मांडीवर ओढून घेतलं आणि थोडी पुढे सरकली. स्थळ आणणाऱ्या काकू पदर सावरत उठल्या आणि कुणाकडेही न बघता गर्दीतून निघून गेल्या. आईने पदर तोंडाला लावला. धाकटीने हे सगळं पाहिलं. पण ती बसली नाही.

मागून मावशी उठल्या. गर्दीतून वाट काढत आल्या आणि काकूंच्या रिकाम्या जागेवर, धाकटीला अगदी चिकटून बसल्या.

"मला मेलीला वाटलं भूत आहे," त्या म्हणाल्या. "सांगायचं होतंस गं. मी उभी राहिले असते दाराशी."

मोठीने ओढणीतून चिंध्यांचं गाठोडं सोडून टेबलावर ठेवलं. आत सगळ्या कड्या होत्या, पुसून ठेवलेल्या. मग ती चिमणीच्या आईसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणाली.

चिमणीच्या आईने तिच्याकडे पाहिलं. "हो, तुझ्यामुळे झालं," ती म्हणाली. तिने माफ केलं नाही आणि शिवीही दिली नाही. ती परत जाऊन बसली, आणि एवढ्यावर सुटका झाली असं मोठीलाही वाटलं नाही.

अण्णांनी घसा खाकरला. "मग आता कडी लावायची की नाही लावायची? एकीला हवी, एकीला नको. मी काय करू?"

"लावा," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना हवी, मलाही हवी. पण बाहेरून चावीने उघडेल अशी लावा. आणि चावी मावशींकडे असू दे."

अण्णा सुताराकडे बघू लागले, सुतार नर्सबाईंकडे. इतक्या साध्या गोष्टीला इतकी माणसं एवढे दिवस मुकली होती. सुताराने मान हलवली. "होईल की. आतून खिटी, बाहेरून बारीक भोक, आणि चावीच लागेल अशी करतो, खिळ्याने उघडणार नाही."

"आणि मोटार?" कुणीतरी विचारलं.

"मोटार बसेल माझ्या दुकानामागे," अण्णा म्हणाले. जांभळं बोट वर काढून त्यांनी ठराव मंजूर केला. त्यांची बायको त्या बोटाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

*

मोठीचं ते लग्न मोडलं. आई बरेच दिवस दोघींशी बोलली नाही, पण धाकटीची गोळी मात्र रोज न चुकता तिनेच पुढे करायला सुरुवात केली. नर्सबाई अधूनमधून जीभ वर उचलून दाखवायला लावत. स्वभावाला औषध नाही.

पुढची पाळी आली तेव्हा सकाळी धाकटी कोपऱ्यातल्या खोलीत गेली. रांगेत मागे चिमणी उभी होती, हातात पाण्याची बाटली, मधूनमधून घोट घेत. मोठी सवयीने दाराला खेटून उभी राहिली. आतून खिटी पडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून मोठीचा हात आपोआप दारावर गेला.

"काय गं, आहेस ना?"

"आहे," आतून धाकटी म्हणाली. "ताई, तू जा कामावर. तुला उशीर होतोय."

मोठीने वळून पाहिलं. मावशी पायरीवर बसल्या होत्या, गळ्यातल्या दोरीला चावी. त्यांनी नुसती मान हलवली. मोठी दारापासून बाजूला झाली. थोडी पुढे गेली, थांबली, कान देऊन ऐकलं. आत नळ सुरू झाला होता आणि बादली भरत होती.